चढत्या-उतरत्या अंकांची संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या एखाद्या हौशी माणसाने जुळवून लिहिल्यासारखी दिसते, कारण तिचे अंक एकापासून क्रमाने नऊपर्यंत चढतात आणि त्याच क्रमाने उतरत पुन्हा एकावर येतात. परंतु ती कोणी जुळवलेली नाही, १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग केला की ती आपोआप निष्पन्न होते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकं-दहंपासून परार्धापर्यंत स्थानांची जी अठरा नावे येतात, त्यांपैकी सतरा स्थाने ही संख्या व्यापते, तिचा अग्रभागीचा एक ‘मध्य’ या स्थानावर पडतो आणि परार्ध त्याच्यापुढे केवळ एक घर उरतो. आजच्या गूढलेखनशास्त्रात शेकडो अंकी संख्या रोजच्या व्यवहारात असल्याने तिला फार मोठी म्हणता येणार नाही; तरी एवढे परिमाण कोणाच्याही कल्पनेत ‘इतक्या वस्तू’ म्हणून मावत नाही, ते लिहिल्यावरच समोर येते, आणि म्हणूनच अशा संख्येविषयी बोलताना एक पेच पहिल्यापासून सोबत असतो: जे गुण तिच्यात दिसतात, ते तिचे स्वतःचे किती आणि दहाच्या पटीत लिहिण्याच्या मानवी सवयीचे किती?

अंकांच्या या चढ-उताराचे कारण शाळेत शिकवल्या जाणाऱ्या गुणाकाराच्या मांडणीतच सापडते. नऊ एकांच्या संख्येला तिनेच गुणताना नऊ ओळी मांडल्या जातात, प्रत्येक ओळ नऊ एकांचीच असते आणि प्रत्येक नवी ओळ एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच एक येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे करत मधल्या स्तंभात नऊ एक एकाखाली एक येतात आणि तेथून पुढे ते पुन्हा एकेकाने कमी होत जातात. कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊच्या पुढे जात नसल्याने कोठेही हातचा घ्यावा लागत नाही, आणि स्तंभांची उंची जशीच्या तशी उत्तराचे अंक होऊन उतरते. बीजगणिताच्या भाषेत सांगायचे तर १ + क्ष + क्ष² या रीतीने क्ष⁸ पर्यंत जाणाऱ्या बहुपदीचा वर्ग केला असता जे सहगुणक मिळतात, तेच क्ष च्या जागी दहा ठेवल्यावर अंक म्हणून वाचता येतात. केवळ १ हाच अंक असलेल्या अशा संख्यांना इंग्रजी ग्रंथांत रेप्युनिट म्हणतात. येथे सोयीसाठी त्यांना एकावली म्हटले आहे.

एकावलींच्या वर्गांना महाराष्ट्रात एक खास नाव आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी त्यांना ‘अद्भुत डेमलो संख्या’ म्हटले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेवरील डेमलो, म्हणजे आजची डोंबिवली, या स्थानकावर या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना त्यांना सुचली आणि स्थानकाचे नाव संख्यांना मिळाले. डहाणूत जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळवलेले कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक होते, आणि त्यांचे सारे संशोधन या नोकरीच्या फावल्या वेळात झाले. ६१७४ हा त्यांच्या नावाने ओळखला जाणारा स्थिरांक आज शालेय पुस्तकांतही भेटतो. तरी देशातील विद्यापीठीय गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे बराच काळ गंमत म्हणूनच पाहिले, आणि मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर ते जगभर ओळखले जाऊ लागले.

या संख्यांचे आकर्षण मात्र कापरेकरांपासून सुरू होत नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य या जैन गणितज्ञाने लिहिलेल्या ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथात गुणाकाराची जी उदाहरणे आहेत, त्यांतील काहींची उत्तरे मुद्दाम अशी निवडली आहेत की त्यांचे अंक माळेसारखे दिसावेत, आणि ग्रंथकार त्यांना कंठाभरणाची उपमाही देतो. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१ येतात, १५२२०७ ला ७३ ने गुणले की आठ एकांची एकावली येते, आणि १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ एकांची. यातील पहिल्या उदाहरणाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण १२३४५६५४३२१ ही सहा एकांच्या एकावलीचा वर्ग आहे, म्हणजे कापरेकरांच्या यादीतलीच सहावी डेमलो संख्या. ४४१ हा २१ चा वर्ग आहे, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आहे, आणि २१ व ५२९१ यांचा गुणाकार म्हणजे सहा एकांची एकावली, १११,१११. एवढी जुळणी योगायोगाने होत नाही. शून्यासह दशस्थानी लेखन जेथे रुळले होते तेथेच असे उदाहरण सुचू शकते. रोमन अंकांत हिशेब करणाऱ्याला हे कंठाभरण दिसलेच नसते.

आक्षेपाची सुरुवात नेमकी येथूनच होते. केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात, गणितात गांभीर्य म्हणजे काय हे सांगताना, उलट उदाहरण म्हणून अंकांच्या अशाच गमती घेतल्या आहेत: उलट्या क्रमाने लिहिल्यावर मिळणाऱ्या संख्येच्या पटीत असलेल्या चार अंकी संख्या दोनच, ८७१२ आणि ९८०१, कारण पहिली २१७८ च्या चौपट आणि दुसरी १०८९ च्या नऊपट आहे. हे कोडी सोडवणाऱ्यांसाठी ठीक आहे, पण गणितज्ञाला त्यात रस वाटावा असे काही नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. त्यांचा युक्तिवाद सहज बाजूला सारण्याजोगा नाही. दहाच्या जागी आठ किंवा बारा हा पाया घेतला की अशी विधाने विरून जातात किंवा त्यांचे आकडे बदलतात, आणि जे विधान लिहिण्याची पद्धत बदलताच नाहीसे होते ते संख्येविषयी आहे की लिपीविषयी, हा प्रश्न रास्तच आहे.

या आक्षेपाचा पडताळा आजचा कोणताही संगणक क्षणात देतो. संगणक अपूर्णांकांसह हिशेब करताना संख्या सामान्यतः ज्या साच्यात साठवतो त्यात द्विमान पद्धतीचे, म्हणजे केवळ ० आणि १ वापरून लिहिलेले, ५३ अंक मावतात. म्हणून २ चा ५३ वा घात, ९००७१९९२५४७४०९९२, येथपर्यंतच्या सर्व पूर्ण संख्या त्याला अचूक ठेवता येतात आणि तेथून २ च्या ५४ व्या घातापर्यंत फक्त सम संख्या. आपली संख्या नेमकी या दोन घातांच्या मध्ये आहे आणि ती विषम आहे. परिणामी या साच्यात १११११११११ चा वर्ग करायला सांगितला, तर यंत्र १२३४५६७८९८७६५४३२० हे उत्तर देते, आणि पंधराच सार्थ अंक दाखवणाऱ्या स्प्रेडशीटमध्ये तर शेवटी ३०० दिसतात. यंत्राला तो चढ-उतार माहीतच नसतो. त्याच्या लेखी ही चोपन्न द्विमान अंकांची एक संख्या असते, तिच्यात डोळ्यांना सुखावणारे काही नसते आणि शेवटचा एक बिनदिक्कत गळून पडतो.

मग उरते काय? संख्या कोणत्याही पायावर लिहिली तरी तिचे विभाजक बदलत नाहीत. मूळ संख्या म्हणजे १ आणि स्वतः यांखेरीज दुसरा विभाजक नसलेली संख्या, आणि प्रत्येक संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात एकाच प्रकारे मोडता येते. त्या अर्थाने हे विघटन संख्येची खरी घडण सांगते. १११११११११ ही संख्या १११ आणि १००१००१ यांचा गुणाकार आहे, कारण नऊ एकांचे तीन-तीनचे तीन गट पडतात. १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. तेव्हा वर्गाचे विघटन असे होते: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. यावरून विभाजकांची संख्या काढायची तर प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार करावा लागतो, म्हणजे पाच गुणिले तीन गुणिले तीन, अर्थात पंचेचाळीस. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते, कारण जोड्या लावताना वर्गमूळ एकटे राहते.

हार्डी यांच्या कसोटीवर येथपर्यंतचा मजकूर निर्दोष ठरावा, कारण ३, ३७ आणि ३३३६६७ यांना पायाशी देणेघेणे नाही. पण या तीनच मूळ संख्या येथे का आल्या, असे विचारताच दहा पुन्हा दारात उभा राहतो. १ ला ३ ने भागले की ०.३३३… मिळते आणि एकच अंक पुन्हापुन्हा येतो. १ ला ३७ ने भागले की ०.०२७०२७… मिळते आणि तीन अंकांचा गट पुन्हापुन्हा येतो. १ ला ३३३६६७ ने भागले की ०००००२९९७ हा नऊ अंकांचा गट पुन्हापुन्हा येतो. आवर्ती दशांशातील या गटाच्या लांबीला आवर्तनकाल म्हटले, तर तिन्ही मूळ संख्यांचे आवर्तनकाल १, ३ आणि ९ आहेत, आणि हे नऊचे सगळे विभाजक आहेत. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की आवर्तनकाल १ असलेली मूळ संख्या ३ सोडून दुसरी नाही, ३ असलेली ३७ सोडून नाही आणि ९ असलेली ३३३६६७ सोडून नाही. हे पडताळायला सोपे आहे, कारण ज्या मूळ संख्येचा आवर्तनकाल नऊ किंवा नवाचा विभाजक असेल तिने ९९९९९९९९९ ला निःशेष भागलेच पाहिजे, आणि त्या संख्येचे विघटन ३ चा चौथा घात, ३७ आणि ३३३६६७ एवढ्यावरच संपते. आपापल्या आवर्तनकालात एकट्या असलेल्या मूळ संख्या फार विरळ आहेत, आणि आपली संख्या अशा तीन एकट्यांपासूनच घडलेली आहे.

आवर्तनकाल ही केवळ लिपीची बाब नव्हे, हे गाऊस यांना स्पष्ट दिसले होते. १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिस्क्विझिशनेस अरिथमेटिकी’ या ग्रंथात, जेथून आधुनिक संख्या सिद्धांताचा प्रारंभ मानला जातो, त्यांनी दशांश आवर्तनांचा विचार केला आणि शंभरच्या आतील छेदांसाठी त्यांचे कोष्टकही जोडले. मूळ संख्येने दहाच्या घातांना भागत गेल्यास बाकी पुन्हा १ केव्हा येते, हाच आवर्तनकालाचा खरा अर्थ आहे, आणि फर्मा यांच्या प्रमेयानुसार २ व ५ सोडून कोणत्याही मूळ संख्येसाठी तो त्या संख्येपेक्षा एकाने लहान असलेल्या संख्येचा विभाजक असतो. म्हणून ७ चा आवर्तनकाल ६ आहे, ३७ चा ३ हा ३६ ला भागतो, आणि ३३३६६७ चा ९ हा ३३३६६६ ला भागतो. याच प्रमेयातून हेही निघते की २ आणि ५ वगळता प्रत्येक मूळ संख्या कोणत्या ना कोणत्या एकावलीची विभाजक असतेच, त्यामुळे कापरेकरांची यादी पुरेशी लांबवली तर तिच्यात बाकीच्या सगळ्या मूळ संख्या भेटतात. ७, १७, १९, २३ यांच्यासारख्या, आवर्तनकाल शक्य तितका मोठा असलेल्या मूळ संख्या अनंत आहेत का, हा गाऊस यांच्या कोष्टकातून उभा राहणारा प्रश्न आजही सुटलेला नाही. एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये त्याविषयी अनुमान मांडले, ज्यानुसार अशा मूळ संख्यांचे प्रमाण शेकडा सुमारे ३७.४ असावे, ख्रिस्तोफर हूली यांनी १९६७ मध्ये ते सिद्ध केले खरे, पण रीमान यांच्या गृहीतकाचे एक व्यापक रूप सत्य मानून.

हार्डी यांच्या आक्षेपात जे सुटले ते येथे हाती लागते. दहा हा लेखनाचा पाया आहे, पण दहा ही स्वतःही एक संख्या आहे, आणि एखादी मूळ संख्या दहाशी कशी वागते हा प्रश्न ती दोनाशी कशी वागते या प्रश्नाइतकाच खरा आहे. दोनाविषयीच्या प्रश्नाला मात्र कोणी कोड्यांच्या सदरात बसवत नाही. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मर्सेन संख्यांचा अभ्यास युक्लिडपासून प्रतिष्ठित आहे आणि आज ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या, २०२४ मध्ये सापडलेली आणि चार कोटींहून अधिक अंकांची, याच कुळातली आहे; द्विमान पद्धतीत लिहिली तर ती १३,६२,७९,८४१ एकांची एकावलीच आहे. मर्सेन संख्यांना मिळालेला मान परिपूर्ण संख्यांशी असलेल्या नात्यामुळे आणि त्यांची मूळता तपासण्याच्या वेगवान रीतीमुळे आहे, हे मान्य केले तरी कुळ एकच आहे. हार्डी यांचा निकाल ८७१२ पुरता कठोर वाटत नाही, एकावलींना तो लावणे अन्यायाचे होते.

कापरेकरांनी ज्या इतर कसोट्या तयार केल्या, त्याही या संख्येवर लावून पाहण्यासारख्या आहेत. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद संख्या म्हटले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे, आणि ८१ ने भागल्यावर १५२४१५७८९९७१०४१ हे उत्तर मिळते, जे महावीराचार्यांच्या उदाहरणातील त्या १२३४५६७९ चाच वर्ग आहे. दुसरी कसोटी वर्गाचे दोन तुकडे करून त्यांची बेरीज घेण्याची: ४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ पुन्हा ४५, म्हणून ४५ ही कापरेकर संख्या. त्याच रीतीने आपल्या संख्येचे उजवीकडचे नऊ अंक वेगळे काढले तर १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ असे तुकडे पडतात आणि त्यांची बेरीज ९९९९९९९९९ येते. मूळची एकावली परत मिळत नसल्याने ती कापरेकर संख्या ठरत नाही, पण तिची बरोबर नऊपट मिळते, आणि यामागेही कारण आहे: तुकड्यांची अशी बेरीज घेणे म्हणजे ९९९९९९९९९ ने भागल्यावरची बाकी तपासणे, आणि आपली संख्या तिच्या १२३४५६७९ पट आहे.

दहाव्या एकावर मात्र सारे बिघडते. दहा एकांच्या एकावलीचा वर्ग करताना मधल्या स्तंभाची उंची दहा होते, हातचा घ्यावा लागतो, तो शेजारच्या नवात मिसळून त्याचेही दहा करतो, आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते, ज्यात चढणीवरचा आठ नाहीसा झालेला असतो. अंकांची बेरीज शंभर व्हायची ती ८२ वर येते आणि विषम संख्येला ८२ ने भाग जाणे शक्य नसल्याने हर्षदपणही संपते. हाच आठ १ ला ८१ ने भागल्यावर मिळणाऱ्या ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… या आवर्ती दशांशातूनही गायब आहे, आणि त्याचे कारण तेच आहे, कारण १/८१ हा ०.१११… चा, म्हणजे कधीच न संपणाऱ्या एकावलीचा, वर्ग आहे.

पुढे यादी लांबत जाते तसे वर्गांचे रूप अधिकाधिक विस्कटते, पण विघटनाची गोष्ट वेगळ्याच वाटेने चालते. एकांची संख्या संयुक्त असेल तर एकावली त्या संख्येच्या विभाजकांइतक्या एकांच्या गटांत मोडते, जशी नऊची तीनमध्ये मोडली. म्हणून एकावली मूळ असायची तर एकांची संख्या मूळ असावी लागते, आणि तेवढ्यानेही भागत नाही. २, १९, २३, ३१७ आणि १०३१ एकांच्या एकावली मूळ आहेत. ४९०८१ एकांची एकावली मूळ असल्याचे २०२२ मध्ये सिद्ध झाले. अशा एकावली अनंत आहेत का, हे ठरलेले नाही. एकोणीस एकांच्या एकावलीचा वर्ग १२३४५६७९०१२३४५६७९००९८७६५४३२०९८७६५४३२१ असा आहे, त्यात दोन ठिकाणी आठ गळालेला आहे, उलटा वाचला तर तो वेगळीच संख्या होतो, आणि जिला पंचेचाळीस विभाजक आहेत त्या आपल्या देखण्या संख्येपुढे याला तीनच आहेत: १, ती एकावली आणि तो स्वतः.